घरापासून तासाभरात: पुण्यात वर्षभर रविवारी कुठे जाता?

पसारा_आवरणारी | ६ जुलै, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी.

काल रात्री आमच्या घरी "उद्या कुठे जायचं" यावर सव्वा तास खल झाला आणि आज आम्ही सगळे घरीच आहोत. दर शनिवारचं हेच. नवऱ्याला चढायला डोंगर हवा, नऊ वर्षांच्या लेकीला पाणी हवं, चार वर्षांच्या चिरंजीवांना उकरायला माती हवी. आणि सासूबाई (वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे) म्हणतात, "तुम्ही जा गं, मी घर राखते." हे वाक्य त्या ज्या सुरात म्हणतात तो ऐकलात तर तुम्हीही गाडीची किल्ली परत खुंटीला लावाल.

घर वारज्याला. अटी अशा: सकाळी निघून जेवायच्या वेळेपर्यंत परत. मॉल नको, रिसॉर्ट नको. आणि कृपा करून फक्त पावसाळ्याचं सांगू नका. पावसाळ्यात सगळेच उत्साही असतात. मार्च-एप्रिल-मेमध्ये काय करता ते सांगा.

माझं मत आधीच सांगून टाकते. वर्षातून एकदा लांब जाण्यापेक्षा जवळच दहादा गेलेलं बरं. पटत नसेल तर भांडा.

कोथरूडचा_बंडू | ६ जुलै, सकाळी ८:५२

पहिला! सिंहगड. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, घरी येऊन झोप. धागा बंद करा.

उकडीचा | ६ जुलै, सकाळी ९:०५

बंड्या, आज आषाढी आहे. लोक साबुदाणा चावत बसलेत आणि तू पिठलं काढतोस?

निवृत्त_नाना | ६ जुलै, सकाळी ९:४८

सिंहगड सुचवणाऱ्याने रविवारी दहा वाजता घाटात अडकून दाखवावं, मग बोलू.

आम्ही कॉलेजात असताना आतकरवाडीतून चढायचो. वर गेलं की आधी देवटाक्याचं पाणी, मग बाकी सगळं. कांदाभजी परवडली तर परवडली. आता गाडी थेट वर जाते, म्हणजे जाते असं समजायचं. वनखात्याच्या नाक्यापासून रांग लागते, वर जागा नसते, आणि पावसाळ्यात दरड आली की रस्ताच बंद. मी आता सकाळी साडेसहाच्या आत वर असतो आणि साडेनऊला खाली उतरतो. उतरताना वर येणाऱ्या गाड्यांतले चेहरे बघायला मिळतात, तो आनंद वेगळा.

पसाराताई, सासूबाईंना गाडीतळापर्यंत नेता येईल. पुढे पुणे दरवाजापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत, तो नाद करू नका. त्या तिथे बसून भाकऱ्या थापणाऱ्या बायकांशी गप्पा मारतील आणि तुम्ही परत याल तेव्हा तुमच्यापेक्षा जास्त माहिती त्यांच्याकडे असेल. स्वानुभव. आमच्या आईने असंच एकदा एका मावशींच्या मुलीचं स्थळ जमवून आणलं होतं.

चिंगीची_आई | ६ जुलै, सकाळी १०:३०

नाना, हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

आम्ही गेल्या रविवारी खडकवासल्याला गेलो होतो. म्हणजे निघालो होतो. नांदेड सिटीच्या पुढे गाडी हलेना. दीड तासाने पाणी दिसलं, तेही दोन टेम्पोंच्या फटीतून. चिंगीने गाडीतच मक्याचं कणीस खाल्लं, गाडीतच सांडलं आणि गाडीतच झोपली. तिखट-मीठ-लिंबू सीटच्या शिवणीत असं बसलंय की अजून निघालं नाही.

मुळशीवाला | ६ जुलै, दुपारी १२:१५

धागा चांगला आहे, पण लेकीला "पाणी हवं" हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मी ताम्हिणीच्या रस्त्याला राहतो. जुलैत रविवारी आमच्या दारात चारचाकींचा बाजार भरतो.

लोकांना वाटतं, आपण उभे आहोत तिथे पाऊस नाही, म्हणजे पाणी वाढणार नाही. ओढ्याचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगातून येत नाही, वरच्या डोंगरातून येतं. तिथे अर्धा तास ठोकून पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. खुणा असतात. नितळ पाणी एकदम गढूळ होतं, काटक्या आणि पाला वाहून यायला लागतो, आणि आवाज बदलतो, खळखळ जाऊन घरघर सुरू होते. यातलं एक जरी दिसलं तरी मुलांना उचलून वर यायचं. फोटो नाही, चपला शोधणं नाही. आणि मध्ये खडकावर अडकाल अशा जागी तर मुळातच जायचं नाही. ३० जून २०२४ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातले पाच जण वाहून गेले, ते असेच मध्ये उभे होते. गेल्याच महिन्यात, १५ जूनला, कुंडमळ्याचा पूल गर्दीने पडला.

मुलांना पाणी हवं असेल तर पावसात गच्चीवर सोडा. घाटात गाडीतून धबधबा बघा, थर्मासमधला चहा प्या, परत या.

अर्धा_चहा | ६ जुलै, दुपारी १२:४०

मुळशीवाले, +१००. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा रे कोणीतरी.

टवाळ_पोपट | ६ जुलै, दुपारी १:२०

विषय फार गंभीर झाला. पुणेकराची पावसाळी सहल एकच: भिडे पूल पाण्याखाली गेला का ते बघायला जाणे. प्रवेश फुकट, पार्किंग नाही, आणि प्रत्येकाला खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलंय ते तोंडपाठ. क्युसेक म्हणजे काय ते विचारू नये.

उकडीचा | ६ जुलै, दुपारी १:३५

सेकंदाला एक घनफूट. विचारलंस म्हणून नाही, राहवलं नाही म्हणून.

चिंगीची_आई | ६ जुलै, दुपारी १:५०

आमचे बाबा न्यायचे आम्हाला नदी बघायला. रात्री जेवणं झाल्यावर, एका स्कूटरवर चौघं. मी पुढे उभी, हँडलला धरून. लकडी पुलावर गर्दीतून डोकं घालून खाली बघायचं, काळं पाणी आणि त्यात दिव्यांच्या लांबलचक रेघा. पाच मिनिटांत परत. पण आठवड्याभर शाळेत सांगायला पुरायचं.

निवृत्त_नाना | ६ जुलै, दुपारी २:४०

मी सात वर्षांचा होतो, १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. आमची आत्या नारायण पेठेत राहायची. पाणी ओसरल्यावर वडील मला घेऊन गेले, तेव्हा वाड्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या कितीतरी वर चिखलाची सरळ रेघ होती, पट्टी लावून मारल्यासारखी. आत्या शेणगोळ्याने चूल सारवत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. तिला पुढे आयुष्यभर कोणी "चल, नदीला पाणी आलंय, बघून येऊ" म्हटलं की ती उठून आत जायची.

पोपटराव, तुमच्यावर राग नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

टवाळ_पोपट | ६ जुलै, दुपारी २:५५

नाना, माफ करा. माझी आजी पण पूर बघायला कधी यायची नाही. कारण आज कळलं. तीही पेठेतलीच, शनिवार पेठेतली.

एसटीप्रेमी | ७ जुलै, सकाळी ७:३०

सगळे गाडीवर आणि पार्किंगवर बोलताहेत. अहो, लोकल आहे ना! शिवाजीनगरहून लोणावळा लोकल, मळवलीला उतरा. तिथून भाजे गाव अर्ध्या-पाऊण तासाचं चालणं, भातखाचरांच्या बाजूने. वर बावीस लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, मान वर करून बघितलं की उलट्या होडीत उभं राहिल्यासारखं वाटतं. मुलांना तेवढं दाखवा, बाकी इतिहास त्यांना नको असतो.

एकच सूचना: दुपारी लोकलला मोठी गॅप असते. वेळापत्रक न बघता गेलात तर मळवलीच्या फलाटावर शेंगदाणे खात बसावं लागेल. तीही सहलच म्हणा.

पसारा_आवरणारी | ७ जुलै, सकाळी ९:१०

किती लिहिलंत सगळ्यांनी! मुळशीवाले, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो आधी "हो गं, माहितीये" म्हणाला आणि मग गप्प बसला.

एसटीप्रेमी, लेणी लेकीला आवडतील, पण पायऱ्या आहेत ना? म्हणजे पुन्हा "मी घर राखते".

आणि मंडळी, मी मार्च-एप्रिल-मे विचारलं होतं!

कोथरूडचा_बंडू | ७ जुलै, सकाळी ९:१४

मार्चमध्ये सिंहगड.

कासवगती | २१ सप्टेंबर, सकाळी १०:०५

धागा वर काढतो. कास पठारावर फुलं बघायला कोणी चाललंय का? पुढच्या रविवारचं बुकिंग मिळतंय.

फांदी | २१ सप्टेंबर, सकाळी ११:२०

कास सुंदरच आहे. जागतिक वारशात उगाच नाही घेतलं २०१२ साली. पण पसाराताईंच्या अटी बघता (जेवायला घरी!) पार साताऱ्याच्या पुढे जाणं बसत नाही. चार वर्षांच्या मुलाला ठरलेल्या वाटेवर धरून ठेवणं हीसुद्धा एक शिक्षा आहे, त्याला आणि फुलांनाही.

सध्या सिंहगडाचे उतार सोनकीने पिवळे झालेत, मध्येमध्ये तेरड्याचा गुलाबी. कासइतका गालिचा नाही, पण खाली बसून एका फुलाकडे बघायला कोणी शिट्टी मारत नाही.

कासवगती | २१ सप्टेंबर, सकाळी ११:३१

म्हणजे शेवटी बंडूच बरोबर?

कोथरूडचा_बंडू | २१ सप्टेंबर, सकाळी ११:३२

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

बारामतीची_लेक | १४ डिसेंबर, सकाळी ८:१५

थंडी पडली आणि हुरड्याचं कोणीच काढलं नाही? कमाल आहे.

गेल्या वर्षी आम्ही पैसे भरून एका हुरडा पार्टीला गेलो होतो. नाव सांगत नाही. दोनशे माणूस, लाउडस्पीकरवर गाणी, बैलगाडीच्या फेरीला रांग, आणि हुरडा कढईत परतून कागदी बशीतून वाढला. कढईत! आमच्या आजोबांनी बघितलं असतं तर तिथेच घोंगडी झटकून उठले असते.

हुरडा असा नसतो. शेतात खड्डा करून आगटी पेटवायची, गोवऱ्यांचा विस्तव झाला की त्यात कणसं खुपसायची, वरची बाजू काळपट झाली की काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. दाणे खाली पडतात, फोलपट फुंकरीने उडतं. चोळणाऱ्याचे हात भाजतात, म्हणून ते काम घरातल्या एकाच माणसाकडे असतं आणि त्याला सगळे न मागता चहा देतात. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही, रेवड्या. वाण सुरती किंवा गुळभेंडी. भाकरीच्या ज्वारीचा हुरडा करून मग "कडक लागतो" म्हणू नये.

उकडीचा | १४ डिसेंबर, सकाळी ८:४०

बारामतीताई, हे पत्ता देऊन लिहायचं असतं.

बारामतीची_लेक | १४ डिसेंबर, सकाळी ८:५५

पत्ता एकच: ज्याच्या ओळखीत शेत आहे त्याच्याशी वर्षभर गोड वागा. मग जानेवारीत फोन येतो.

पक्षीण | १४ डिसेंबर, सकाळी १०:४०

थंडीत आम्ही पक्षी बघायला कवडीपाटला जातो. हडपसर सोडून सोलापूर रस्त्याने, लोणी काळभोरच्या अलीकडे. सातच्या आत पोचायचं.

आधीच सांगते, वास येतो. नदीत सगळ्या शहराचं सांडपाणी आहे, बंधाऱ्याला प्लास्टिक अडकलेलं असतं, कधीकधी फेसाचे ढीग तरंगतात. पहिल्यांदा गेले तेव्हा नाकाला ओढणी लावून परत फिरणार होते. तेवढ्यात धुक्यातून चक्रवाकांची जोडी उतरली, केशरी, एकमेकांना हाका मारत. लडाख-तिबेटकडून इतक्या लांब येऊन ती आपल्या फेसाच्या बाजूला बसली होती. मला आनंद झाला की लाज वाटली, अजून ठरत नाही. शेकाट्या, थापट्या, धोबी तर सहज दिसतात. माझ्या भाच्याने एका सकाळी बावीस प्रकारचे पक्षी वहीत लिहिले आणि तेवीसाव्या ओळीत "पिशवी (बदक वाटली)" असं लिहिलं.

आजींना गाडी उभी करून तिथूनच बघता येतं.

पसारा_आवरणारी | १४ डिसेंबर, दुपारी ४:३०

पक्षीणबाई, लिहून घेतलं. "पिशवी (बदक वाटली)" घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

आमची बातमी: आज सारसबागेत गेलो. काही विशेष नाही, गेली कित्येक वर्षं बघतोय. पण तळ्यातल्या गणपतीला स्वेटर घातलाय! धाकट्याने तो बघितला आणि स्वतःचा स्वेटर, जो तो सकाळपासून अंगाला लावू देत नव्हता, मागून घेतला. सासूबाई पर्वतीकडे बघून म्हणाल्या, "लग्न झाल्यावर एकशे तीन पायऱ्या एका दमात चढले होते मी." सासरे मागे राहिले होते म्हणे. ही गोष्ट नवऱ्यालाही माहीत नव्हती. चाळीस वर्षांचा माणूस बागेत उभं राहून "बाबा मागे राहिले?" असं तीनदा विचारत होता.

निवृत्त_नाना | १४ डिसेंबर, संध्या. ६:१०

आम्ही सगळेच मागे राहिलो होतो हो. त्या काळात सांगायची पद्धत नव्हती.

अर्धा_चहा | ८ मार्च, सकाळी ९:२०

मार्च आला. पसाराताईंचा मूळ प्रश्न आठवला. जुलैपासून एकानेही उत्तर दिलेलं नाही.

कोथरूडचा_बंडू | ८ मार्च, सकाळी ९:२५

दिलंय.

फांदी | ८ मार्च, सकाळी १०:५०

बंडू सोडून बोलते.

उन्हाळा पुण्यात वाईट नसतो, दुपार वाईट असते. सकाळी साडेसहा ते साडेआठ आपलं. आम्ही त्या वेळात झाडं बघतो. एक झाड ठरवायचं आणि दर पंधरा दिवसांनी त्याच्याकडे जायचं, एवढाच खेळ. आमची काटेसावर आहे, टेकडीच्या पायथ्याशी. जानेवारीत पानं गेली, फेब्रुवारीत लाल फुलं आली आणि झाडावर मैना, बुलबुल, कावळे, खारी सगळे एकाच वेळी भांडत होते. आता बोंडं धरलीत. ती फुटली की कापूस उडेल. एप्रिलच्या शेवटाला बहाव्याकडे वळायचं, त्याला शोधावंही लागत नाही, सोसायट्यांच्या कुंपणावरून पिवळे घोस लोंबत असतात.

माझी मुलगी आधी "हे काय, झाडच तर आहे" म्हणाली होती. आता तिला दुसऱ्या कोणी त्या झाडाखाली गाडी लावली तरी राग येतो.

सासवडचा_जावई | ८ मार्च, दुपारी १२:०५

मार्चात दिवे घाटाने सासवडकडे या. घाटाखाली मस्तानी तलाव, पाणी उतरलेलं असतं पण सकाळी छान वाटतं. वर आलात की रस्त्याला अंजिराच्या टोपल्या. पावसाळ्यातला खट्टा बहार वेगळा, हा मीठा बहार, खरा गोड. पानात गुंडाळलेलं, देठाशी चिकाचा थेंब असलेलं अंजीर घ्या, आणि घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथेच खा. सासऱ्यांनी पहिल्या भेटीत मला हेच सांगितलं होतं. दुसरं काही बोलले नाहीत.

टवाळ_पोपट | ८ मार्च, दुपारी १२:२०

चिरंजीवांच्या मातीचं काय? आठ महिन्यांत त्या पोराला कोणी एक खड्डा सुचवला नाही.

मुळशीवाला | ८ मार्च, दुपारी १:१०

आमच्याकडे पाठवा. आळी करायची आहेत आंब्याला. खोरं देतो, जेवण देतो.

पसारा_आवरणारी | १३ मे, दुपारी १:१५

आत्ताच गच्चीवरून खाली आले. चेहरा टोमॅटोसारखा झालाय, पण आधी लिहिते.

आज पुण्यात शून्य सावलीचा दिवस. सूर्य बरोबर डोक्यावर, साडेबाराच्या सुमारास. लेकीच्या शाळेत सांगितलं होतं, ती आठवडाभर मागे लागली होती. मी म्हटलं मे महिन्यात, भर दुपारी, गच्चीवर? वेड लागलंय का? आणि सासूबाई म्हणाल्या, "लिफ्ट जाते ना वरपर्यंत? मग चला."

बारा वाजता आम्ही पाच जण, दोन छत्र्या, ताकाचा तांब्या. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून एक सरळसोट स्टीलचा पेला आणून कठड्यावर पालथा ठेवला. सावली उत्तरेला नाही, दक्षिणेला नाही, फक्त पूर्व-पश्चिम रेषेत आखडत चाललेली. बारा पंचवीसला बोटाच्या नखाएवढी. मग नुसती एक काळी कड. आणि मग नाहीच! पेला कठड्यावर ठेवलाय की चित्रात काढलाय कळेना.

धाकटा आपली सावली शोधत गोल गोल फिरला. सापडेना. मग त्याने एक पाय उचलला, खाली वाकून बघितलं आणि ओरडला, "इथे लपलीये!"

तोपर्यंत सासूबाईंनी कठड्यावरून हाका मारून समोरच्या विंगमधल्या तीन जणींना वर बोलावलं होतं. त्या आपापले पेले घेऊन आल्या. अजून वरच आहेत, ताक संपलं म्हणून मी खाली आले.

बंडू, सिंहगडावर हे दिसलं नसतं.

कोथरूडचा_बंडू | १३ मे, दुपारी १:२२

दिसलं असतं. सिंहगडावरही सूर्य असतो.

निवृत्त_नाना | १३ मे, दुपारी २:०५

पसाराताई, सासूबाईंना सांगा, हा योग वर्षातून दोनदा येतो. पुन्हा ३० जुलैच्या आसपास.

पसारा_आवरणारी | १३ मे, दुपारी २:३०

सांगितलं. त्यांनी कॅलेंडरवर खूणही केली. आता विचारताहेत, तेव्हा पाऊस असला तर?

टवाळ_पोपट | १३ मे, दुपारी २:३३

असणारच. मग पेला राहू द्या, छत्री घेऊन भिडे पुलावर या. म्हणजे लांबून. नानांच्या बाजूला उभं राहून.